इंग्रजीतले क्रियाविशेषण ओळखताना या चुका टाळा

‘फास्ट’ हा शब्द घ्या. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये तो विशेषण आहे, ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘शी फास्ट्स ऑन एकादशी’ म्हटले की क्रियापद आणि ‘शी ब्रोक हर फास्ट’मध्ये नाम. अधोरेखित शब्दाची जात विचारली की मुले त्या एका शब्दाकडे बघून उत्तर लिहितात, वाक्य वाचतच नाहीत. बहुतेक चुका इथून सुरू होतात. शब्द त्या वाक्यात काय काम करतो, यावरून त्याची जात ठरते.

सगळ्यात जास्त फसवते ते शेवटचे ‘ली’. ‘स्लोली’, ‘क्विकली’ पाठ झालेले असते, त्यामुळे ‘ली’ दिसले की क्रियाविशेषण लिहून मोकळे. पण ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोन्ली’, ‘सिली’ ही विशेषणे आहेत आणि ‘फॅमिली’ नाम. ‘डेली’ दोन्हीकडे चालतो: ‘अ डेली न्यूजपेपर’ आणि ‘शी वॉक्स डेली’. उलट ‘सून’, ‘ऑफन’, ‘हिअर’, ‘नेव्हर’ यांना ‘ली’ नाही, तरी ती क्रियाविशेषणेच. ‘आय हॅव नेव्हर सीन इट’मध्ये ‘नेव्हर’ मधोमध बसल्यामुळे मुले त्यालाही क्रियापदात धरतात. क्रियापद फक्त ‘हॅव सीन’. आणि ‘हार्ड’ला ‘ली’ जोडायला जाऊ नका. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कष्ट केले, ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेमच काम केले.

मराठी बोलणाऱ्यांची एक चूक मात्र समजून घेण्यासारखी आहे. आपण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ म्हणतो. लिंगाप्रमाणे बदलणारे हे रूप विशेषणासारखे दिसते, म्हणून इंग्रजीत सहज ‘शी सिंग्ज गुड’ लिहिले जाते. गाणे कसे ते सांगायचे तर इंग्रजीत ‘वेल’ हवे: ‘शी सिंग्ज वेल’. ‘गुड’ नामाबरोबर: ‘अ गुड सिंगर’. मुलांवर रागावण्यापेक्षा ही दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहावीत.

‘कसे, कधी, कुठे, किती असे विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण’ ही युक्ती वर्गात सर्रास शिकवतात. ती उपयोगी आहे, पण ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’पाशी अडते. आंबा कसा लागतो? गोड. म्हणून ‘स्वीट’ क्रियाविशेषण? नाही. गोडी आंब्याची आहे, चाखण्याच्या क्रियेची नाही. ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘लुक’, ‘फील’, ‘सीम’ अशी क्रियापदे आली की त्यांच्या जागी ‘इज’ घालून पाहा. ‘द मँगो इज स्वीट’ जमते, तेव्हा तो शब्द विशेषण. ‘शी लुक्ड अँग्री’मध्ये ती रागावलेली दिसते, तेव्हा विशेषण. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’मध्ये ती रागाने बघते, तेव्हा क्रियाविशेषण. इथे ‘इज’ घातले तर वाक्य मोडते.

क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय यांचा गोंधळ सोडवायला मराठीच मदतीला येते. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, त्यामुळे शब्दांच्या आठ जाती आपल्याकडेही त्याच साच्याच्या आहेत. ‘तो खाली बसला’ इथे ‘खाली’ क्रियाविशेषण, ‘झाडाखाली’ म्हटले की नामाला जोडलेले शब्दयोगी. तसेच ‘ही फेल डाउन’ आणि ‘ही रॅन डाउन द हिल’. फरक इतकाच, की इंग्रजीत नाम नंतर येते. म्हणून पुढे काय आहे ते बघा. ‘आफ्टर लंच’मध्ये पुढे नाम, म्हणून शब्दयोगी, ‘आफ्टर ही लेफ्ट’मध्ये पुढे कर्ता-क्रियापद असलेले वाक्य, म्हणून उभयान्वयी, ‘ही डाइड सून आफ्टर’मध्ये पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण.

‘क्रियाविशेषण’ या नावामुळे ते फक्त क्रियेबद्दलच सांगते असे वाटते. ‘द टी इज टू हॉट’मधले ‘टू’ चहा किती गरम ते सांगते, म्हणजे विशेषणाबद्दल सांगते. ‘व्हेरी स्लोली’मध्ये ‘व्हेरी’ तर दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल सांगते. दोन्ही क्रियाविशेषणेच.

सराव करताना आधी मुख्य क्रियापद शोधा, मग कर्ता, मग उरलेला प्रत्येक शब्द कोणाला चिकटतो ते बाण काढून दाखवा. अडलात तर शब्दकोश उघडा, पण तिथली पहिलीच जात उचलू नका; प्रत्येक जातीखालचे उदाहरण वाचून आपल्या वाक्याशी कोणते जुळते ते बघा.