जुन्या गाडीत एमपीएफआय इंजिन? आधी पंप बघा
कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसवताय? मग गाडीतला जुना पेट्रोल पंप विसरा. कॅमवर चालणारा तो पंप जेमतेम ०.२ ते ०.४ बार दाब देतो. इंजेक्टरना साधारण ३ बार लागतो. पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात पंप घेताना नवं इंजिन ज्या गाडीचं, त्याच गाडीचा मागा. जुना रबरी पाइप मात्र अजिबात ठेवू नका. एवढ्या दाबाला तो तडकला तर पेट्रोलची चिळकांडी थेट तापलेल्या इंजिनावर! इंजेक्शनचाच पाइप आणि त्याच्याच क्लिपा घ्या. दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर इंजिनावर असेल तर टाकीकडे परतीची लाइनही हवी. पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून चालवा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. टाकीत पेट्रोलचे हेलकावे अडवणारा आडपडदा नसेल तर कात्रज घाटाच्या वळणांवर, पेट्रोल कमी असताना, पंप हवा ओढतो.