शिपाई पूर्वजाचा माग: आधी जमीन, मग लढाई

‘आमचे खापरपणजोबा पानिपतात पडले.’ मराठवाड्यात कुठल्याही गावच्या पारावर बसा, हे वाक्य कानावर येतंच. आता हिशेब करा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा म्हणजे चार पिढ्या. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली, तर १९८० साली जन्मलेल्या माणसाचे खापरपणजोबा १८६०-८०च्या आसपास जन्मलेले असणार. १७६१ साली पानिपतावर तलवार चालवणारा पूर्वज आठ ते दहा पिढ्या मागे आहे, आणि मधल्या पाच-सहा नावांचा घरात कुणालाच पत्ता नसतो. शोध घ्यायचा तो याच नावांचा.

लढाईपासून सुरुवात केली की बहुतेकांचं काम तिथेच अडतं. साध्या शिपायांची नावनिशीवार यादी कुणी करून ठेवली नाही. कागद झाला तो पैशाचा, घोड्याचा आणि जमिनीचा. म्हणून आजच्या जमिनीला धरून मागे जायचं.

सातबारा आणि जुने फेरफार घ्या. त्यांच्या मागे १९५४चं खासरा पत्रक, त्याच्याही मागे निजामकाळातलं पहाणी पत्रक आणि सेतवार, म्हणजे सर्व्हे नंबरवार शेतांची नोंदवही. हे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. नकलेच्या अर्जात जुना सर्व्हे नंबर घाला, आजचा गट नंबर नको. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदललेले असतात, आणि ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन परतणाऱ्या बऱ्याच जणांनी अर्जात गट नंबर लिहिलेला असतो. त्यामुळे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आधी मिळवा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत बरेच जुने कागद स्कॅन झाले आहेत. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं काही आहे का, हे खेटे घालण्यापूर्वी पाहून घ्यावं.

घराण्याकडे इनाम जमीन होती, असं नुसतं ऐकिवात असलं तरी जिल्हाधिकारी कार्यालयात अतियातच्या, म्हणजे निजामकाळच्या इनाम खात्याच्या, फाइली मागा. इनामाचा दाखला म्हणजे ‘मुन्तखब’. तो सहसा मूळ सनदेनंतर खूप उशिरा, इनामांच्या चौकशीनंतर दिलेला असतो, पण मूळ इनाम कुणाला आणि कशाबद्दल मिळालं ते त्यात येतं. त्याहून मोलाची असते ‘विरासत’ची, म्हणजे वारसाची, फाइल. इनामदार वारला की वारस ठरवण्यासाठी चौकशी व्हायची आणि तिच्यात ‘शजरा’, म्हणजे वंशावळ, जोडली जायची. भावकीत भांडण असेल तर फारच उत्तम, कारण दोन्ही बाजूंनी आपापला शजरा दिलेला असतो. तो ताडून पाहिला की दडवलेली शाखा आणि दत्तक मुलगा दोन्ही उघडे पडतात. एका फाइलीत चार-पाच पिढ्या सापडल्या तर निम्मं काम झालं म्हणायचं.

हे कागद १८८०च्या दशकापर्यंत फारसीत, पुढे उर्दूत आहेत. अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईचं आणि मोडकं. रकमा तर आकड्यांत नसतातच, त्या अरबी संख्याशब्दांच्या आखूड रूपांत असतात, त्याला ‘रकम’ म्हणतात. नुसतं उर्दू वाचता येणारा माणूस इथे अडखळतो. जुन्या महसुली कागदांची सवय असलेलाच जाणकार गाठा आणि आधी एकच पान वाचून घ्या. नाव, ‘वल्द’च्या पुढचं बापाचं नाव, मौजे आणि परगणा एवढं त्याला बिनचूक लागलं, तरच बाकीची पानं द्या.

आता खरा पेच. पूर्वज नेमका कुणाच्या चाकरीत होता? आजचा जिल्हा पाहून हे कळत नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजाम हरला आणि मोठा मुलूख पेशव्यांकडे गेला. १० ऑगस्ट १७६३ला राक्षसभुवनला पुन्हा तेच, आणि ११ मार्च १७९५ला खर्ड्याला आणखी एकदा. अंबड होळकरांकडे होतं, जालना शिंद्यांकडे. १८०३च्या युद्धानंतर अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा भाग निजामाला मिळाला. कित्येक गावांत तर दुअमली होती, निम्मा वसूल मोगलाईचा, म्हणजे निजामाचा, आणि निम्मा मराठ्यांचा. म्हणून आपल्या परगण्याचा एक तक्ता करा: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत अंमल कुणाचा. पुण्याला जायचं की हैदराबादला, ते या तक्त्यावरून ठरतं.

मराठ्यांच्या बाजूचा माणूस असेल तर पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. कागद मोडीत आहेत आणि रुमालांत बांधलेले आहेत. ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असा मोघम अर्ज नेला तर हाती काही लागत नाही. परगणा, गाव, सरदाराचं पथक आणि सालांचा टप्पा लिहून न्या. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खातेवार हिशेब), प्रांत अजमास (प्रांतांच्या जमाखर्चाचे अंदाज) आणि पागा-पथकांचे हिशेब ही पाहायची जागा. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ छापील खंड आहेत. त्यांच्या सूचीत आधी गाव आणि सरदार शोधा, शिपायाचं नाव शेवटी.

शब्दांकडे लक्ष ठेवा. ‘शिलेदार’ म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी आलेला, ‘बारगीर’ म्हणजे घोडा सरकारचा किंवा सरदाराचा. शिलेदाराची नोंद सापडण्याची शक्यता अधिक, कारण घोडा मेला की भरपाईची बाब निघायची. ‘नालबंदी’ ही स्वारीआधीची उचल, ‘रोजमुरा’ म्हणजे पोटखर्चाची रक्कम. ‘बालपरवेशी’ हा शब्द दिसला की थांबा. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी दिलेली ती नेमणूक असते, आणि तिथे बापाचं आणि मुलाचं नाव एकाच ओळीत मिळतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको.

तारीख वाचताना हमखास घोळ होतो. नमुना पाहा: ‘छ १९ शाबान, सु॥ खमस तिसैन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्याची तिथी. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११९५. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६००. इथे १९ शाबान मार्चमध्ये येतो, म्हणून १७९५. खर्ड्याच्या लढाईचे हे दिवस. डोळे झाकून ५९९ मिळवलं असतं तर वर्षभराने चुकलं असतं. निजामाच्या फसली सनाचंही, म्हणजे महसुली वर्षाचंही, तसंच. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९०, पुढच्या महिन्यांना ५९१. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. तुमच्या वहीत मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा आणि इसवी सन शेजारी वेगळा लिहा. नुसता इसवी सन लिहून ठेवला की पुढे चूक धरता येत नाही.

मोगलाईतल्या चाकरीसाठी दोन ठिकाणं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला इनायतजंग संग्रह दख्खनच्या सुभ्यांचा आहे आणि १८व्या शतकात बराच पुढे येतो. हैदराबादच्या तारनाक्यातल्या राज्य अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले ‘अर्ज-ओ-चेहरा’ आहेत. त्यांत स्वाराचं नाव, बापाचं नाव, चेहऱ्यावरची खूण, घोड्याचा रंग आणि डागणीची खूण असा हुलिया असतो. हे कागद १७व्या शतकातले आहेत, म्हणजे तुमच्या शिपायाच्या आज्या-पणज्याच्या पिढीचे. मागचा दुवा पक्का झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचं थोडक्यात. २३ सप्टेंबर १८०३च्या असईच्या लढाईत कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्याकडे मद्रासच्या पलटणी होत्या, मराठी मुलखातल्या नव्हत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींतही उत्तर हिंदुस्थानी शिपाई पुष्कळ. मराठवाड्यातलं घराणं ‘असईला होतो’ म्हणत असेल, तर आधी घोडदळात शोधा, मग ते कुणाच्याही बाजूचं असो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या आणि क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या हजेरीपटांचा उपयोग गोऱ्या शिपायाच्या वंशजाला होतो. हिंदी शिपायाचा वंश लागेल इतका तपशील त्यांत क्वचितच असतो.

कागदांबाहेरचेही साक्षीदार आहेत. तुळजापूरचे उपाध्ये, नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं निघतात. मूळ गाव सांगा, आज राहता ते नको. मुसलमान घराण्यांनी परगण्याच्या काझींकडच्या निकाहाच्या नोंदी विचाराव्यात. वेशीवरच्या वीरगळापुढे नारळ खुशाल फोडा, पण तो पुरावा धरू नका. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ यादवकाळाच्या आसपासचे, म्हणजे तुमच्या शिलेदारापेक्षा चार-पाचशे वर्षांनी जुने.

शेवटची खोच नावांची. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे राणोजी बिन सटवाजी, त्याचा मुलगा सटवाजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन सटवाजी. साल पाहिलं नाही तर दोन राणोजींचा एक होतो आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. आडनावावर तर मुळीच विसंबू नका. जमादार, नाईक, इनामदार, पाटील ही आधी कामं होती. थोरल्याकडे पाटीलकी राहिली तो पाटील झाला, धाकटा जमादार. जुळणी करायची ती नाव, बापाचं नाव, गाव आणि जमीन या चारांवर. तीनच जुळले तर वंशावळीत ती रेघ पेन्सिलीने ओढा.