सोलापुरातून बीजीएमआय: डोकं न तापवता स्क्वॉड कसा खेळावा

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, हा फोनवरचा गोळीबाराचा खेळ: विमानातून उडी मारून उतरायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. त्यात मेलात की लगेच पुढची मॅच लावू नका. आधी एकच गोष्ट आठवा: मारणारा तुम्हाला दिसला होता का? दिसला, गोळ्या झाडल्या, पण नेम लागला नाही, तर हाताचा सराव कमी पडतोय. दिसलाच नाही, तर कान नाहीतर जागा चुकली. दिसला, नेमही बरोबर होता आणि तरी त्याला काही झालं नाही, किंवा तुम्ही भिंतीआड पोचल्यावर मेलात, तर दोष नेटचा नाहीतर तापलेल्या फोनचा. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. आमच्याकडची बहुतेक पोरं तिन्हींवर एकच औषध घेतात: पुढची मॅच, अजून रागानं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. दिवसभर बिलं आणि जीएसटी, रात्री जेवणं आटोपली की स्क्वॉड. मी, माझा धाकटा भाऊ, ऑफिसातली एक मैत्रीण आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेला मामेभाऊ. हा खेळ मला मनापासून आवडतो, कारण पलीकडच्या झाडामागं खरा माणूस असतो. तो घाबरतो, वाट बघतो, मुद्दाम दार उघडं ठेवून फसवतो. खालच्या रँकला बॉटही, म्हणजे माणूस नसलेले, गेमच चालवतो ते खेळाडू, भरपूर असतात. वाटेत उभं राहून कुठंही गोळ्या मारणारा दिसला की तो बॉट समजा आणि त्याला मारून स्वतःचा खेळ मोजू नका.

दुसरं कारण मामेभाऊ. तो पुण्याला गेला तसं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो'वर येऊन थांबलं होतं. आता विमानातून उडी मारायच्या आधी त्याच्या रूममेटची भांडणं, मालकाची कटकट, मामीच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं कळतं. कानात 'अय, काय करलालास बे, कव्हर दे की!' ऐकू आलं की तो पुण्यात बसलाय असं वाटत नाही.

चिडचिड कमी करायची तर आधी खेळाचं गणित मान्य करा. एरांगेल या नकाशावर १०० जण उतरतात. चौघांचे २५ स्क्वॉड. सगळे सारख्याच ताकदीचे धरले तर २५ मॅचमध्ये एक चिकन डिनर, म्हणजे विजय, तुमच्या वाट्याचा, बाकी २४ वेळा हरणं हाच खेळाचा नियम. भाऊ व्हॅलोरंट हा दुसरा शूटर गेम खेळतो, तिथं पाच विरुद्ध पाच असतात, आधी १३ राउंड घेईल ती टीम जिंकते. तिथं साधारण अर्ध्या मॅच जिंकता येतात. तो अंदाज घेऊन बीजीएमआयमध्ये आलात तर रोज रात्री आपल्यावर अन्याय झाल्यासारखंच वाटेल. म्हणून आम्ही जिंकणं मोजत नाही, पहिल्या दहात आलो का ते मोजतो. रँकचंही तसंच. तुम्ही चढलात की समोर तगडे लोक येतात, आणि सीझन संपला की रँक खाली येतो. ती काही बँकेतली ठेव नाही.

आता नेट. सोलापूर ते मुंबई चारेकशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत धरला तर जाऊन येऊन ८०० किलोमीटरला ४ मिलिसेकंद लागतात. तार वळसे घेते म्हणून तिप्पट धरा. तरीही १२ झाले. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंग, म्हणजे हाच जाऊन येण्याचा वेळ, ९० मिलिसेकंद दिसत असेल तर दोष सोलापूर लांब असल्याचा नाही. वेळ वाटेतल्या यंत्रांत जातोय, आणि फार वेळा तो तुमच्या घरातल्या वायफायमध्येच जातो.

इथं लोक पैसे वाया घालवतात. पिंग वाढला की ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतात. गेमला डेटा फारच थोडा लागतो, त्याला हवं असतं ते वेळेवर पोचणं. नळाची तोटी मोठी बसवली म्हणून उजनीचं पाणी लवकर येत नाही. त्यापेक्षा हे करून बघा. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर ५ चं निवडा. २.४ वर शेजारपाजारचे सगळे राउटर आणि ब्लूटूथ गर्दी करतात. पण ५ ची लहर जाड भिंतीतून नीट जात नाही. पेठेतल्या जुन्या दगडी घरात राहत असाल तर राउटर ज्या खोलीत आहे तिथंच बसून खेळा, नाहीतर लांब वायर टाकून राउटर आपल्या खोलीत घ्या. २.४ च वापरावं लागत असेल तर चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ मधला जो रिकामा असेल तो ठेवा. घरात कुणाच्या फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतात, ते खेळायच्या वेळेपुरतं बंद करा. अपलोडची रांग भरली की तुमची गोळीही त्याच रांगेत उभी राहते. मॅच नीट चालू असताना अधूनमधून पिंग उसळण्याचं कारण फार वेळा हेच असतं.

मोबाईल डेटावर खेळत असाल तर गर्दीची जागा टाळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास बसून रँकची मॅच लावायची नाही, एवढं मी पक्कं ठरवलंय.

लाइट गेली तर काय? राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. एकच जोडून उपयोग नाही. आणि नेट तुटलं तरी घाबरून जाऊ नका. तुमचा माणूस जिवंत असेल तर गेम पुन्हा उघडल्यावर त्याच मॅचमध्ये परत जाता येतं. आमचा नियम असा की कुणाचं नेट गेलं की बाकीच्यांनी त्याच्या भोवती थांबायचं.

भिंतीआड पोचल्यावर का मरतो, तेही समजून घ्या. तुमच्या स्क्रीनवर शत्रू दिसतो तो क्षणभर जुना असतो, आणि त्याच्या स्क्रीनवर तुम्हीही. दोन्ही चित्रांचा मेळ घालताना बरेच शूटर गेम गोळी मारणाऱ्याला जे दिसलं ते खरं मानतात. त्याला तुम्ही उघड्यावर दिसत होतात, म्हणून मेलात. यातून कामाचं एवढंच: कोपऱ्याला चिकटून वाट बघत बसू नका. कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला समोरचा क्षणभर आधी दिसतो. जागा बदलून तुम्हीच बाहेर या.

मग उन्हाळा. एप्रिल-मेत इथं पारा चाळिशीच्या वर असतो, आणि हे आपल्या गावाचं खास दुखणं आहे. पुण्यातला मामेभाऊ आणि मी सारखाच फोन वापरतो, पण मे महिन्यात त्याचा गुळगुळीत चालतो, माझा अडखळतो. फोन तापला की आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. सेकंदाला ६० चित्रं दिसत होती तिथं ३० दिसायला लागतात. म्हणजे दर १७ मिलिसेकंदांऐवजी ३३ ला नवं चित्र. बोट तेच, नेम तोच, तरी गोळी बाजूनं जाते. ग्राफिक्स 'स्मूथ'वर ठेवा. झाडं सुंदर दिसली नाहीत तरी चालेल. खेळताना चार्जिंग लावू नका. मागचं कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा. सोलापुरी चादरीवर झोपून खेळायची सवय सोडा, त्या जाड सुतात उष्णता कोंडते. फरशीवर बसा, मॅचच्या मधे फोन फरशीवर उपडा ठेवा. फ्रिजमध्ये तर चुकूनही ठेवू नका, आत दव धरतं. घामानं बोट घसरतं त्याला हातरुमालाएवढा टॉवेलचा तुकडा मांडीवर असू द्या. आपल्या गावात त्याला काय तोटा? आणि शक्य असेल तर रात्री दहानंतर खेळा.

हाताच्या सरावाबद्दल थोडक्यात. एक बंदूक धरा आणि महिनाभर बदलू नका. एम४१६ नं सुरुवात करा. एकेएमची ७.६२ ची गोळी जास्त लागते खरी, पण बंदूक उसळतेही जास्त. ट्रेनिंगमध्ये भिंतीवर पूर्ण मॅगझिन मारा, आधी बोट न हलवता, मग खाली ओढत. किती ओढावं लागतं ते हाताला कळेपर्यंत. यूट्यूबवरच्या कुणाची सेन्सिटिव्हिटी जशीच्या तशी उचलू नका. त्याचा फोन वेगळा, अंगठा वेगळा. उतरताना पोचिंकी या नकाशावरच्या गर्दीच्या गावाचा मोह होतो. सरावासाठी जरूर उतरा, पण रँक वाढवायचा असेल तर कडेच्या चार घरांत. इअरफोन वायरचेच घ्या, ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो आणि पावलं ऐकू येईपर्यंत माणूस दारात उभा असतो.

स्क्वॉडमधलं बोलणं ही या खेळातली सगळ्यात मोठी कला आहे असं माझं मत आहे, आणि तीच कुणी शिकवत नाही. 'इकडं आहे, इकडं आहे' याला काही अर्थ नाही, इकडं म्हणजे कुणाच्या इकडं? वर होकायंत्रावर आकडे असतात, ते वाचा. '१६५, दगडामागं, दोघं.' दिशा, आडोसा, किती. मग गप्प. आमच्या चौघांच्या तोंडी वेगवेगळ्या भाषा येतात. पूर्व भागातल्या मैत्रिणीच्या तोंडातून घाईत तेलुगूच बाहेर पडतं, भाऊ मित्रांमुळं कन्नडवर जातो. म्हणून आम्ही आकडे सगळ्यांनी हिंदीत म्हणायचे असं ठरवून टाकलं. तुम्हीही पहिल्याच दिवशी ठरवा.

जो मेला त्यानं बोलायचं नाही, फक्त शत्रूची जागा सांगायची. 'तुझ्यामुळं मेलो' हे मॅच संपल्यावर, आणि शक्य तर दुसऱ्या दिवशी. चांगले स्क्वॉड मी याच एका वाक्यावरून फुटलेले पाहिलेत.

पाण्याचा दिवस असेल तर रँकची मॅच लावू नका. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्याची वेळही धड ठरलेली नाही, आणि अर्ध्या मॅचमध्ये आई हाक मारणारच. तेव्हा टीडीएम, म्हणजे टीम डेथमॅच, खेळा: चार विरुद्ध चार, आधी ४० मारेल तो जिंकतो, दहा मिनिटांच्या आत मोकळे. पिंप भरून परत या.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. अनोळखी लोकांबरोबर खेळताना तुमचा आवाज ऐकल्यावर काही जण घाणेरडं बोलतील. त्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. म्यूट करा, मॅच संपल्यावर त्याच्या नावावरून रिपोर्ट करा, पुढं जा. माइक आणि स्पीकर दोन्ही 'टीम'वर ठेवा, 'ऑल'वर नको. आयडीत खरं नाव, कॉलेज, जन्मसाल घालू नका. खेळता खेळता कुणी नंबर मागितला तर देऊ नका. पण या लोकांमुळं खेळ सोडूही नका. ओळखीच्या चौघी जमवा. माझ्या मैत्रिणीला मी असंच आणलं, आणि आज आमच्यात सगळ्यात शांत डोक्यानं तीच खेळते.

पैशाबद्दल. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर आपल्या देशात बंदी आली. २ जुलै २०२१ ला त्याच खेळाचं भारतातलं रूप म्हणून बीजीएमआय आलं, जुलै २०२२ मध्ये तेही स्टोअरमधून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. यूसी, म्हणजे गेममधलं चलन, विकत घेण्याआधी हा इतिहास डोळ्यांसमोर आणा. महागड्या पोशाखानं गोळी कमी लागत नाही. क्रेटमधून, म्हणजे विकत घ्यायच्या बंद पेटीतून, काय निघेल हे नशिबावर असतं. स्वस्तात यूसी देतो म्हणणाऱ्याला लॉगिन दिलंत तर खातंच जाईल. भिंतीपलीकडचं दिसणारं हॅक टाकलंत तर खातं कायमचं बंद होतं, आणि माझ्या मते व्हायलाच हवं.

शेवटचं आईवडिलांसाठी, कारण घरोघरी भांडण इथंच होतं. १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा गेममध्येच आहे. मात्र त्यासाठी वय खरं टाकलेलं हवं, ते एकदा स्वतः बघा. ही मॅच मधे थांबवता येत नाही. एरांगेलची मॅच अर्ध्या तासाची धरा आणि जेवणाची वेळ मॅचच्या हिशेबानं आधीच ठरवा: 'साडेआठला बसायचंय, आठनंतर नवी लावायची नाही.' मधेच हाक मारायची वेळ आली तर 'बंद कर' म्हणण्याऐवजी 'किती उरलेत?' असं विचारा. जिवंत किती ते स्क्रीनवर दिसतं. ७० म्हणाला तर बाकीच्या तिघांना सांगून बाहेर पडायला हरकत नाही. दहाच्या आत असतील तर भाकरी तव्यावर टाका, ती होईपर्यंत तो ताटावर येतो.