‘ययाती’वरचं उत्तर लिहिताना

बी.ए.ला असताना सराव परीक्षेत ‘ययाती’वरच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला मी सहा पानं लिहिली आणि वीसपैकी सात गुण पडले. फार लागलं मनाला. मी सांगलीची. वि. स. खांडेकरांचा जन्मही इथलाच, १८९८ सालचा. त्यांची १९५९ची ही कादंबरी मी दोनदा वाचली होती.

उत्तरपत्रिका घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका परिच्छेदासमोर समासात एकच शब्द लिहीत गेल्या: ‘गोष्ट’, ‘गोष्ट’, ‘गोष्ट’. शेवटच्या पानावरच्या दोन ओळींना मात्र बरोबरची खूण मिळाली. ययातीच्या बोलण्यात पश्चात्तापाइतकंच स्वतःचं समर्थनही आहे, असं मी तिथं जाता जाता लिहून गेले होते.

“अगं, हे पहिल्या पानावर यायला हवं होतं. कथानक तपासणाऱ्याला माहीत असतं.”

प्रश्न होता, ‘ययाती हा भोगवादी माणसाचा प्रतिनिधी आहे, चर्चा करा.’ त्यातलं ‘चर्चा करा’ मी नीट वाचलंच नव्हतं. ‘स्पष्ट करा’ असेल तर विधान उलगडून दाखवायचं. ‘चर्चा करा’ असेल तर ते कुठपर्यंत टिकतं आणि कुठं अडतं, हे बघायचं. त्यासाठी लिहायच्या आधीची पाच मिनिटं खर्च करा. मागच्या पानावर तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहून ठेवा.

आधुनिक कादंबरी असेल तर आधी विचारा, हे सांगतंय कोण? महाभारतातली कथा खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली. शर्मिष्ठेचं दासीपण देवयानीच्या निवेदनात वाचा, मग शर्मिष्ठेच्या. प्रसंग तोच, पण वजन बदलतं. हा फरक दाखवलात की उत्तरात तुमचं स्वतःचं काही आलं. कच मात्र स्वतः निवेदन करत नाही. एवढ्या महत्त्वाच्या पात्राला आपण कायम दुसऱ्याच्या नजरेतून पाहतो. मला वाटतं, म्हणूनच तो इतका निर्मळ दिसतो. यावर एक अख्खा परिच्छेद होईल.

गाईडमधली समीक्षकांची अवतरणं पाठ करू नका. घाईत शब्द इकडचे तिकडे होतात. त्यापेक्षा प्रसंग नेमका सांगा: पुरू आपलं तारुण्य बापाला देतो, तो. दोन ओळींत प्रसंग आणि चार ओळींत त्यावरून तुम्हाला काय दिसलं ते. माझं प्रमाण नेमकं उलटं होतं.

वार्षिक परीक्षेत देवयानीवर प्रश्न आला. पहिली ओळ लिहिली: ‘देवयानी स्वतःबद्दल बोलते तेव्हा ती दुखावलेली वाटते, शर्मिष्ठा तिच्याबद्दल बोलते तेव्हा दुखावणारी.’ त्या ओळीला धरून चार पानं झाली. पुरवणी लागली नाही.