सोया ढेपेच्या निर्यातीची तुलना करताय? या चुका टाळा

भारत आणि अर्जेंटिनाची सोया ढेप (सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारा, पशुखाद्यात जाणारा चोथा) निर्यात शेजारी शेजारी लावून ग्राफ काढायचा, हे काम दिसायला एका दुपारचं आहे आणि लोक ते खरंच एका दुपारीच उरकतात. कळमन्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एखादा ग्राफ येतोच, आणि दहातले आठ चुकलेले असतात. चुका पण त्याच त्याच.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक वर्षाची. आपलं सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, डीओसीवाल्यांचं (डीओसी म्हणजे तेल काढलेली ढेप) ऑक्टोबर ते सप्टेंबर, अर्जेंटिनात सोयाबीनचा हंगाम एप्रिलपासून धरतात पण अमेरिकन कृषी खातं त्यांचे आकडे परत ऑक्टोबर-सप्टेंबरमध्ये बसवून देतं, आणि या सगळ्यांवर लेबल एकच, 2022-23. बुटीबोरीकडच्या एका ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोरानं मोठ्या थाटात मांडलं होतं की अर्जेंटिनात दुष्काळ पडला, तिकडची निर्यात 2022-23 मध्ये आपटली, आणि भारताची 10 लाख टनांवरून 21 लाखांवर गेली ती 2023-24 मध्ये, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडं वळायला वर्ष लागतं. मालक खूश, पुढच्या वेळी तिकडं पाऊस हुकला की आपल्याकडं तयारीला वर्षभर आहे म्हणून गोडाऊनची बोलणी पण सुरू. मी म्हटलं बाबू, महिने दाखव. दुष्काळाचा खरा फटका एप्रिल 2023 च्या काढणीनंतर बसला, ते महिने त्याच्या अर्जेंटिनाच्या रकान्यात 2022-23 मध्ये होते आणि भारताच्या रकान्यात 2023-24 मध्ये, कारण भारताचे आकडे त्यानं एप्रिल-मार्चचे उचललेले. ते एक वर्ष बाजारात नव्हतंच, एक्सेलमध्ये होतं. पोरगा म्हणतो, पण सर, हेडिंग तर दोन्हीकडं सेमच होतं!

मी वार्षिक आकडा घेतच नाही. वाणिज्य मंत्रालयाचे मासिक आकडे आणि अर्जेंटिनाच्या इंडेक या सरकारी सांख्यिकी संस्थेचे मासिक आकडे उतरवतो, ऑक्टोबर ते सप्टेंबर स्वतः जोडतो आणि रकान्याच्या डोक्यावर महिने लिहितो. वेळ लागतो. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं ग्राफ काढू नये, कोणी जबरदस्ती केली नाही.

दुसरी चूक, ऑइलमीलचा, म्हणजे सगळ्या तेलबियांच्या ढेपांचा एकत्र आकडा सोयाचा म्हणून चिकटवणं. बातमीत 'ऑइलमील निर्यात घटली' असं असतं, त्यात मोहरी, भुईमूग, एरंडी, राइसब्रान सगळं आलं. जुलै 2023 मध्ये सरकारनं डीऑइल्ड राइसब्रानच्या, म्हणजे तेल काढलेल्या तांदळाच्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली, एकूण आकड्याला त्याचा फटका बसला आणि लगेच आमचे भाऊ लोक सोयाबीनच्या नावानं रडायला लागले. आयात-निर्यातीच्या आकड्यांत प्रत्येक मालाला एचएस कोड असतो, सोया ढेपेसाठी 2304 लावा. 2306 मध्ये इतर ढेपा आहेत, तिकडं जाऊ नका.

टन म्हणजे टन नसतो. शिकागोच्या वायद्यात शॉर्ट टन चालतो, साधारण 907 किलोचा. लाख आणि मिलियनचा घोळ तर सांगायलाच नको.

ब्राझीलला घेत असाल तर नुसती ढेप बघून तो मागे आहे म्हणू नका, तो दाणाच्या दाणा चीनला पाठवतो. अर्जेंटिना तेल गाळून ढेप विकतो, आणि स्वतःचं पीक बुडालं की पराग्वे-ब्राझीलकडून सोयाबीन आणून गाळतो, म्हणून पीक निम्मं तर निर्यात निम्मी हा हिशोब तिथं लागत नाही.

टक्केवारीवाल्यांवर माझा खास राग आहे. आपली निर्यात 2015-16 मध्ये जवळपास बसलेली, ते वर्ष पाया धरलं की भारताची वाढ बघून अर्जेंटिनाला घाम फुटेल असं चित्र निघतं, पण 2011-12 धरा, हवाच जाते. डॉलरमध्ये तुलना करणारेही तसेच. 2021 च्या उन्हाळ्यानंतर इथं सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेलं, पोल्ट्रीवाले ओरडले, ऑगस्टमध्ये सरकारनं 12 लाख टन जीएम ढेप आयात करायला परवानगी दिली, म्हणजे किंमत वर आणि बाहेर जाणारा माल खाली. आधी टन बघा, मग पैसे.

दोन देशांना दोन वेगळे उभे अक्ष देऊ नका, 20 लाख आणि 2 कोटी एकाच उंचीवर दिसतात.

आणि आकडा उतरवल्याची तारीख शीटमध्ये टाका, ताजे दोन-तीन महिने पुढं दुरुस्त होतात आणि मग 'तुझा माझा जुळत नाही' म्हणून रात्री अकराला फोन येतो.