दाट झाडीत फ्रेम शोधायला निघण्याआधी

निसर्गाच्या फोटोंमध्ये जंगलाच्या आतला फोटो सगळ्यात अवघड, असं माझं ठाम मत आहे. डोंगराला शिखर असतं, समुद्राला क्षितिज असतं. नजर कुठे ठेवायची हे त्या जागाच सांगून टाकतात. दाट झाडीत तसा आधार नसतो. चहूकडे खोडं, फांद्या, वेली, पालापाचोळा आणि मधूनच आभाळाचे पांढरे तुकडे. तिथे उभं राहिलं की माणूस भारावतो, आणि फोटोत मात्र नुसता गुंता येतो. कारण सरळ आहे. दोन डोळ्यांमुळे आपल्याला पुढचं खोड आणि मागची फांदी यांतलं अंतर आपोआप कळतं, चालताना ते आणखी स्पष्ट होतं आणि नको ते मन गाळून टाकतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, आणि तो काहीच गाळत नाही. त्यामुळे पुढची सगळी तयारी मुख्यतः एका कामासाठी आहे: हा गुंता शटर दाबण्याआधी, उभं राहायची जागा बदलून सोडवायचा.

पहिली तयारी हवामानाची. कडक उन्हात जंगलात जाण्याचं मी टाळते, कारण पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे आणि शेजारची काळोखी सावली यांतला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि आधीच गजबजलेल्या जागेत आणखी शंभर ठिपके पडतात. ढगाळ दिवस निवडा. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर अधिक चांगलं. ओली खोडं गडद होतात आणि पानांपासून वेगळी दिसू लागतात. सगळ्यात मोठी मदत धुक्याची. धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात, त्यामुळे जवळचं झाड गडद राहतं, त्यामागचं फिकट, त्याच्याही मागचं जवळजवळ पुसलेलं. एरवी आपल्याला जे काम धडपडून करावं लागतं ते धुकं फुकटात करतं. आदल्या दिवशी पाऊस, रात्री निरभ्र आकाश, वारा नाही आणि तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) जवळ आलेलं, असा अंदाज दिसला तर पहाटेचा गजर लावाच. सूर्य वर आला आणि जमीन तापली की असं धुकं विरायला लागतं.

वाऱ्याचा आकडाही बघून ठेवा. ब्यूफर्ट मापनपट्टीप्रमाणे ताशी ६ ते ११ किलोमीटर वाऱ्यात पानं सळसळतात. १२ ते १९ किलोमीटरला पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. जंगलातल्या मंद उजेडात शटर लांबतं, म्हणून दुसऱ्या गटातला वारा असेल तर त्या दिवशी फक्त जागा हेरायला जावं. असं नुसतं हेरायला जाणं वाया जात नाही. उलट पानगळीनंतर, झाडं उघडी असताना एकदा फिरून आलात तर कोणत्या खोडाला काय वळण आहे ते नीट दिसतं, आणि पुढे पालवीत किंवा धुक्यात नेमकं कुठे जायचं ते ठरवता येतं.

सामान थोडंच घ्या. एक ७०-२०० मिमीसारखी झूम लेन्स, एक मध्यम वाइड (रुंद पसारा घेणारी लेन्स), ट्रायपॉड, सर्क्युलर पोलरायझर (चमक कमी करणारा फिरता फिल्टर), लेन्स पुसायला दोन-तीन कोरडी फडकी, पावसासाठी पिशवी, जास्तीची बॅटरी. कुठे जाताय आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगा. परवानगी लागत असेल तर आधी काढा. यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्याला ९ बाय ६ सेंटीमीटरची खिडकी कापा. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या (ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो) ३:२ फ्रेमचंच हे प्रमाण आहे. एक डोळा मिटून हा पुठ्ठा डोळ्यापासून २५ सेंटीमीटरवर धरला की १०० मिमी लेन्सला जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. ५० सेंटीमीटरवर धरला की २०० मिमीची फ्रेम. हे काम फोनही करतो, पण फोनच्या पडद्यात चित्र लगेच सुंदर दिसायला लागतं आणि आपण फसतो. पुठ्ठ्याच्या खिडकीत फक्त आकार दिसतात.

जागेवर पोचल्यावर ट्रायपॉड उघडायचा नाही. ही अट मी स्वतःला कायम घालते. ट्रायपॉडचे पाय एकदा जमिनीत रुतले की आपण तिथेच अडकतो, आणि मग फ्रेम सुधारायला झूमची रिंग फिरवत बसतो. त्याऐवजी आधी चाला. कशापाशी पाय थबकले ते बघा आणि का थबकले हे एका वाक्यात सांगून बघा. ‘छान जंगल आहे’ हे वाक्य चालणार नाही. ‘हे वाकडं झाड बाकीच्या सरळ झाडांतून बाहेर झुकलंय’ हे चालेल. ‘ह्या दोन खोडांच्या मधून उजेड येतोय’ हेही चालेल. वाक्यात जे नाव आलं तो विषय, आणि जे क्रियापद आलं ते फोटोत दिसलं पाहिजे. झाड झुकलंय म्हणता, तर झुकायला त्याच्या पुढे मोकळी जागा ठेवावी लागेल. वाक्य जुळत नसेल तर पुढे चला. मी जंगलात जास्तीत जास्त वेळ ह्याच टप्प्यावर घालवते आणि तो घालवावाच असं मला वाटतं.

आता मुख्य काम, सुटेपणाचं. विषय ठरला की एक डोळा मिटा आणि त्या झाडाची बाह्यरेषा वरून खाली नजरेने गिरवा. कुठे दुसरं खोड तिला चिकटतंय? कुठे मागची आडवी फांदी नेमकी त्याच्या बुंध्यातून बाहेर आल्यासारखी दिसतेय? अशा प्रत्येक ठिकाणी दोन वस्तूंची एक विचित्र वस्तू होते. उपाय म्हणजे बाजूला सरकणं. जवळच्या वस्तू नजरेसमोर जास्त सरकतात, लांबच्या कमी, म्हणून वीतभर डावीकडे गेलं तरी दोन खोडांमध्ये फट उघडते. अर्थात तिसरीकडची फट त्याच वेळी मिटते. म्हणून घाई न करता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग पुढे, मग मागे असं बघत जायचं. गुडघ्यावर बसून बघा, हात उंच करूनही बघा. उंची बदलली की जमिनीवरची झुडपं आणि मागची खोडं यांचं नातं बदलतं. थोडं वरून पाहिलं की जमिनीवरच्या गोष्टी एकमेकींपासून सुटतात, खालून पाहिलं की त्या एकमेकींवर चढतात. सगळ्याच फटी उघडणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. मुख्य झाडाची रेषा स्वच्छ असली पाहिजे. मागची झाडं आपसात थोडी मिसळली तरी चालतात. पण दोन वस्तू एकमेकींना नुसत्या टेकत असतील, तर ते मात्र टाळाच. पूर्ण सुटं ठेवा किंवा ठळकपणे एकमेकांवर येऊ द्या. नुसतं टेकणं सगळ्यात वाईट, कारण तिथे अंतराचा अंदाजच येत नाही आणि नजर तिथेच अडखळते.

डोळे बारीक करून बघायची सवय लावा. तपशील पुसला जातो आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे ढीग उरतात. ते ढीग पाहून विषय ओळखू येत असेल तर फ्रेम उभी राहणार. कॅमेरा ‘रॉ’ प्रकारच्या (प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर ठेवून पडद्यावरचं चित्र कृष्णधवल केलं तरी हेच साधतं. मूळ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. हिरव्यावर हिरवं असताना रंग आपल्याला फार फसवतो. मोठ्या फॉरमॅटच्या (मोठ्या आकाराची फिल्म वापरणाऱ्या) कॅमेऱ्यात मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, आणि त्यावर काम करणाऱ्यांना त्याचा फायदाच व्हायचा: झाड झाड राहत नाही, नुसता आकार होतो. आज काढलेला फोटो पडद्यावर उलटा करून पाहणं हा त्याचाच सोपा प्रकार.

लेन्सबद्दल. जंगल भव्य वाटतं म्हणून हात आपोआप वाइडकडे जातो. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स आडव्या फ्रेममध्ये सुमारे ७४ अंश पसारा घेते. १०० मिमी घेते सुमारे २० अंश. म्हणजे लांब लेन्स लावली की पार्श्वभूमीचा छोटासा पट्टाच आत येतो, आणि एक पाऊल बाजूला सरकून तो पट्टा बदलता येतो. सुरुवात तिथूनच करा. वाइड तेव्हाच, जेव्हा पायाशी खरोखर काही आहे: मुळांची नक्षी, शेवाळलेला दगड, ओहोळाचं वळण. एक गोष्ट लक्षात ठेवा, जवळच्या आणि लांबच्या झाडांच्या आकारातलं प्रमाण लेन्स ठरवत नाही, तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ते ठरतं. म्हणून आधी अंतर, मग त्याला बसणारी फोकल लेंथ (लेन्सचा मिमीमधला आकडा). कॅमेरा वर वाकवला की उभी खोडं आत झुकायला लागतात. दोन पावलं मागे येऊन लांब लेन्स लावली तर वाकवावं लागत नाही.

मग कडा. खरं तर फ्रेम मी कडांपासूनच तपासते. चारही बाजूंनी नजर फिरवा: कडेला अर्धं कापलेलं खोड, कोपऱ्यातून आत घुसलेली एकटी डहाळी, आणि आभाळाची भोकं. ही भोकं प्रत्यक्षात आपल्या लक्षातही येत नाहीत, फोटोत मात्र सगळ्यात उजळ तीच असतात आणि नजर तिकडे पळते. वरचा भाग कापून टाका, किंवा चढ असेल तर उतारावरच्या झाडांची पार्श्वभूमी मिळेल अशा जागी जा. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार एलियट पोर्टर यांच्या जंगलातल्या कित्येक फोटोंत क्षितिजच नाही, आभाळही नाही. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, आणि एका छायाचित्रकाराच्या रंगीत कामाचं ते तिथलं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन होतं. झाडीच्या एवढ्याशा तुकड्यातही पूर्ण चित्र असतं हे त्यांच्या फोटोंकडे बघताना पटतं. कडेचा अडथळा दूर करायला फांदी मोडू नका, रोपं तुडवू नका. वाळकी काडी बाजूला करणं वेगळं. जिवंत फांदी आड येत असेल तर ती फ्रेम तुमची नाही, दुसरी शोधा.

आकाराचं प्रमाणही जागेवरच ठरवा. उंच खोडांना ३:२ ची उभी फ्रेम बरेचदा फार लांबट होते. ४:५ जास्त बसते. रांगेने उभी असलेली झाडं लांब आडव्या पट्टीत छान दिसतात. कॅमेऱ्यात हे प्रमाण निवडता येत असेल तर निवडूनच बघा.

आता ट्रायपॉड. जिथून पाहिलं तिथेच, त्याच उंचीवर लेन्स यायला हवी. लावताना कॅमेरा वीतभर जरी हलला तरी मिळवलेल्या फटी मिटतात, म्हणून लावल्यावर बाह्यरेषा पुन्हा गिरवा. पोलरायझर सावकाश फिरवा. ओल्या पानांवरची पांढरी चमक जाते आणि खालचा खरा रंग वर येतो. साधारण दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) तो गृहीत धरा. पूर्ण चमक काढली की पानं कधी कधी मेल्यासारखी दिसतात, तेव्हा थोडी राहू द्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११ पुरेसं; एफ १६ च्या पुढे छिद्र बारीक होऊन विवर्तनाने (प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. सगळी खोली स्पष्ट हवी असेल तर वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून जोडा, पण वारा पूर्ण पडलेला असेल तरच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला एक सेकंद लागत असेल आणि पानं हलत असतील तर १६०० वर जा, शटर १/१५ च्या आसपास येईल. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, फरफटलेली पानं चालत नाहीत. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळं करडं करायला बघतो, तेव्हा उजेड २/३ ते १ स्टॉप वाढवा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न सोडता डेलाइटवर ठेवा.

पहिला फोटो आला की मोठा करून आधी चारही कोपरे बघा, मग विषयाची रेषा, मग फोकस. काही खटकलं तर ट्रायपॉड उचलून सरकवा. झूमने झाकू नका. फ्रेम जमली तरी लगेच आवरू नका. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, ढगाआडचा उजेडही बाजू बदलतो, आणि धुकं मिनिटामिनिटाला दाट-विरळ होतं. त्याच फ्रेममध्ये थांबून दर बदलाला एक फोटो घ्या. निघताना फोनवर जागेची खूण, फोकल लेंथ, कॅमेऱ्याची उंची आणि तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहून ठेवा, सोबत फोनने एक फोटो. आणि पाठ फिरवण्याआधी त्याच जागेवरून उलट्या दिशेलाही एकदा पुठ्ठ्याच्या खिडकीतून बघा, कारण तिकडची झाडं तुम्ही अजून पाहिलेलीच नसतात.