घरातले उंदीर हटत नाहीत? या चुका टाळा

सापळा लावून झाला, विषाच्या वड्या ठेवून झाल्या, भिंतीला ते आवाजाचं यंत्रही जोडून झालं, तरी रात्री ओट्याखालची खुडबुड काही थांबत नाही. अशा वेळी बहुतेक जण आणखी जहाल औषध आणतात. उपाय बहुधा ठीकच असतो. त्याची जागा चुकलेली असते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

घरात शिरणारा लहान उंदीर जेमतेम १५-२० ग्रॅम वजनाचा. त्याचं सगळं जग बिळापासून तीन ते नऊ मीटरच्या आत असतं, आणि खायला जवळ मिळालं तर त्याहूनही कमी. कपाटामागे राहणारा उंदीर घराच्या दुसऱ्या टोकाच्या सापळ्यापर्यंत जाण्याची शक्यता फारच थोडी. त्याची नजर कमजोर असते, त्यामुळे तो मिशा भिंतीला घासत, कडेकडेने पळतो. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा माणसाच्या पायाला लागेल, उंदराला क्वचितच सापडेल.

म्हणून सापळा लावण्याआधी टॉर्च घेऊन लेंड्या शोधा. फ्रिजच्या मागे, सिंकखाली, गॅसच्या पाइपजवळ, माळ्यावरच्या खोक्यांमध्ये. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून छोट्या आणि टोकाला निमुळत्या असतात. सेंटीमीटरपेक्षा लांब आणि जाड लेंड्या दिसल्या, तर तुमच्याकडे मोठा उंदीर आहे आणि त्याचं गणित वेगळं आहे. कीटक खाणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदीरच नाही. विषारी दाण्यांकडे तिने पाठ फिरवली म्हणून औषध भेसळीचं ठरत नाही.

सापळा लावताना

स्प्रिंगचा सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून. भिंतीला समांतर ठेवला की उंदीर उलट्या बाजूने येतो, सापळा नुसताच उडतो आणि सकाळी हाती काही लागत नाही.

चीजचा तुकडा हे चित्रांमधलं आमिष. उंदराला मुळात बिया आणि दाणे आवडतात, त्यामुळे शेंगदाण्याचं लोणी किंवा थोडं चॉकलेट जास्त चालतं. पण ते वाटाण्याएवढंच लावा. मोठा गोळा लावला की उंदीर कडेने कुरतडून पोट भरतो आणि खटक्याला धक्काही लागत नाही. आमिष गायब आणि सापळा तसाच, असं वारंवार होत असेल तर तुकडा दोऱ्याने खटक्याला घट्ट बांधा, म्हणजे त्याला ओढावंच लागेल. मुंग्या-झुरळंही आमिष संपवतात, तेही एकदा पाहून घ्या. खायला भरपूर असलेल्या घरात कधी कधी नुसता कापसाचा बोळा उत्तम काम करतो. घरट्यासाठी मऊ काही हवंच असतं, मादीला तर फारच.

एकच सापळा लावून वाट पाहत बसणं ही सर्वांत सार्वत्रिक चूक. मादीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननाला तयार. आठवड्याला एक पकडण्याच्या वेगाने तुम्ही मागेच पडत जाता. लेंड्या दिसलेल्या पट्ट्यात दोन-तीन मीटरवर एक याप्रमाणे पाच-सहा सापळे एकाच रात्री लावा. पहिल्या काही रात्रींतच खरा फरक पडतो.

लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो. त्यामुळे दोन-तीन रात्रींत काही लागलं नाही, तर सापळा तिथून हलवा. मोठा उंदीर नेमका उलटा, नव्या वस्तूपासून तो दिवसेंदिवस लांब राहतो. त्याच्यासाठी चाप न लावता सापळ्यावर आमिष ठेवत जा, ते बिनधास्त खाल्लं जाऊ लागलं की मग चाप चढवा. त्याचा सापळा रोज हलवलात तर तो कधीच जवळ येणार नाही.

चिकट पॅड मात्र मी कुणालाच सुचवत नाही. उंदीर तासन् तास जिवंत तडफडतो आणि शेवटी त्याला मारण्याचं काम आपल्यावरच येतं. इंग्लंडमध्ये सर्वसामान्यांनी ते वापरणं जुलै २०२४ पासून गुन्हाच आहे. पिंजरा वापरत असाल तर सकाळ-संध्याकाळ तपासा, आणि पकडलेला उंदीर दाराबाहेर सोडून निश्चिंत होऊ नका, तो आल्या वाटेने परततो.

विषाचा उलटा परिणाम

बाजारातली बरीचशी विषं रक्त गोठू न देणारी असतात. ती खाल्ल्यावर उंदीर मरायला कित्येक दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी उंदीर फिरताना दिसला म्हणून आणखी वड्या ओतण्यात अर्थ नसतो. शिवाय तो मरतो ते त्याच्या सोयीच्या जागी, भिंतीच्या पोकळीत किंवा छताच्या आत. मग कुजका वास सुटतो, आणि मेलेला उंदीर सापडेपर्यंत किंवा वाळेपर्यंत त्यावर उपाय नसतो. 'विष खाल्लं की उंदीर पाणी शोधत घराबाहेर जातो' हे पाकिटावरचं आश्वासन मनावर घेऊ नका.

सुटे दाणे आणखी धोक्याचे. उंदीर ते उचलून भलतीकडे साठवतात, आणि ते मुलांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जाऊ शकतात. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही मरू शकतं. वापरायचंच असेल तर वडी कुलूपबंद आमिषपेटीत अडकवून ठेवा आणि पाकीट फेकू नका. रक्त पातळ करणाऱ्या विषावर डॉक्टर व्हिटॅमिन के १ देऊ शकतात, झिंक फॉस्फाइडवर मात्र उतारा नाही. पोटात काय गेलं हे डॉक्टरांना पाकिटावरूनच कळतं.

आवाजाची यंत्रं, पुदिन्याचं तेल, डांबराच्या गोळ्या यांबद्दल थोडक्यात. यंत्राचा तो माणसाला ऐकू न येणारा आवाज भिंत आणि फर्निचरच्या पलीकडे जात नाही, आणि उंदीर त्याला लवकरच सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांबद्दल इशारापत्रं पाठवली होती. तेलाचा वास उडून जातो. डांबराच्या गोळ्या उंदीर पळेल इतक्या ठेवल्या तर आधी घरातल्यांना त्रास होईल.

भोक बुजवताना

लहान उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत जात असेल तर तोही जाऊ शकतो, असं धरून चाला. लोक दाराखालची फट बघतात, पण सिंकच्या पाइपभोवतीचं भोक, एसीच्या नळीची जागा आणि तुटलेली खिडकीची जाळी राहून जाते. नुसता फोम, कापड किंवा पुठ्ठा कोंबू नका. ते उंदीर रात्रीत कुरतडतो. फटीत स्टीलच्या तारेची घासणी घट्ट भरा आणि वरून सिमेंट किंवा सिलंट लावा. मोठ्या भोकाला ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी. प्लास्टिकच्या जाळीचा भरवसा नाही.

क्रमही महत्त्वाचा. बाहेरून आत येणाऱ्या वाटा आधी बंद करा. आतल्या पोकळ्यांची तोंडं मात्र सापळे रिकामे राहू लागल्यावर बुजवा, नाहीतर उंदीर भिंतीत अडकतील आणि तोच कुजका वास पदरी पडेल.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडणं किंवा व्हॅक्यूमने ओढणं टाळाच. धुळीबरोबर रोगजंतू श्वासात जाऊ शकतात, काही भागांत हंता विषाणू असाच पसरतो. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून पिशवीत बांधा. मेलेला उंदीर आणि सापळाही असेच हाताळा.

उंदीर खरंच संपले का, हे आवाजावरून ठरवू नका. त्यांच्या जुन्या वाटांवर संध्याकाळी टाल्कम पावडरचा पातळ पट्टा पसरा आणि सकाळी तिरका टॉर्च मारून पायांचे ठसे बघा. सलग दोन आठवडे ठसा नाही, नवी लेंडी नाही आणि एकही सापळा उडाला नाही, तरच सापळे काढा.